कप्पीताई आणि चौकातला चौथरा

कप्पीताईच्या घरात सालं कुणाच्या लक्षात राहत नसत. थोरली मावशी कधी गेली? घोडेवाला असताना. घरावर नवे पत्रे कधी टाकले? पुस्तकवाला बसला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. धाकट्या भावाने परदेशाची वाट कधी धरली? बोटवाला आल्यावर, आणि तीही हौस म्हणून नव्हे. आता घोडेवाला, पुस्तकवाला आणि बोटवाला ही काही घरची पाहुणेमंडळी नव्हती. ते होते राज्यकर्ते. म्हणजे राज्यकर्त्यांचे पुतळे, शहराच्या मोठ्या चौकात एकाच चौथऱ्यावर पाळीपाळीने उभे राहिलेले. त्यांची खरी नावं आणि हातभर लांबीच्या पदव्या दगडात कोरलेल्या असत. पण ज्यांना त्यांच्या काखेत पट्टे घालून त्यांना उचलावं लागतं, त्यांच्या तोंडी पदव्या टिकत नाहीत.

या घराचा धंदा जड वस्तू हलवण्याचा. कारखान्याचं बॉयलर असो, बँकेची तिजोरी असो की पुलाचा गर्डर, पहार, पाचर, दोरखंड आणि कप्पी घेऊन जायचं आणि वस्तू जिथे हवी तिथे अलगद ठेवून यायचं. ताई लहानपणी बापाच्या कामावर मांडीत कप्पी घेऊन ग्रीस लावत बसायची, तेव्हापासून ती कप्पीताई. पुढे बापाची सगळी टोळी तिच्या हाताखाली आली तरी नाव तेच राहिलं. तिने लग्न केलं तेही क्रेनवाल्याशी. क्रेन चालवणाऱ्याला खालच्या माणसाच्या हाताकडे बघूनच चालावं लागतं. तळवा खाली केला की उतरव, बोट वर फिरवलं की उचल, मूठ वळली की जागच्या जागी थांब. क्रेनवाला घरीही तिच्या हाताकडे बघूनच चालतो, असं टोळीतले लोक म्हणायचे. तो हसायचा आणि कबूल करायचा. सुखी माणूस होता.

बापाचा एक नियम होता, आणि तो नियम त्याने फार महाग विकत घेतला होता.

घोडेवाला हा समुद्रापलीकडून आलेला बादशहा. त्याच्या साम्राज्याला अंत नाही असं चौथऱ्यावर लिहिलं होतं, आणि अक्षरं इतकी खोल की पुढे ती घासून काढताना पाथरवटाच्या छिन्न्या बोथट झाल्या. साम्राज्याचा अंत एका मंगळवारी झाला. लोक आनंदाने वेडे होऊन चौकात आले, घोड्याच्या मानेला दोर अडकवले आणि ओढायला लागले. बाप ओरडत होता की असं ओढू नका, याला उचलायला कुठे धरच नाही, हा कुठेही कलंडेल. कोण ऐकतंय! घोडा कलंडला तो नेमका दोर ओढणाऱ्यांच्या अंगावर. बापाचा जोडीदार तिथेच गेला. बापाचा एक पाय गुडघ्यापासून खाली कायमचा गेला. ताई तेव्हा इतकीशी होती, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिने ते सगळं बघितलं. ज्यांना बादशहाने कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं अशी माणसं बादशहा गेल्यावर त्याच्याखाली चिरडून मेली. याचा तिला जन्मभर संताप होता, आणि ती तो लपवतही नसे.

कुबडी घेऊन बाप पुन्हा कामावर आला तेव्हा त्याने नियम केला. कुठलाही पुतळा चढवायचा, तर त्याच्या आतल्या लोखंडी सांगाड्याला वर एक जाडजूड कडी जोडूनच चढवायचा. ज्या दिवशी वर गेला त्याच दिवशी त्याची खाली यायची सोय करून ठेवायची. मग कधीही, कुणीही, कितीही रागात येऊ दे, आकडा अडकवून वस्तू सरळ वर उचलता येते आणि खाली ठेवता येते, कुणाच्या अंगावर पडत नाही.

स्वातंत्र्य आलं, पुस्तकवाला आला. हा आपला माणूस, हातात पुस्तक, चेहरा विचारी. त्याच्यासाठी चौथरा रुंद करायला खणायला घेतलं, तर चौथऱ्याखाली दुसरा चौथरा निघाला, वेगळ्याच तांबूस दगडाचा. त्याच्याही खाली तिसरा. त्या तिसऱ्यावर दगडी पावलांची एक जोडी होती. नुसती पावलं, घोट्यापासून वर काहीही नाही. संग्रहालयातली बाई धावत आली, मऊ ब्रशने माती झटकत दिवसभर पालथी पडून राहिली. संध्याकाळी तिने बापाला सांगितलं, "लिपी पूर्ण वाचता येत नाही काका, पण असल्या दगडांवर साधारण एकच मजकूर असतो. चारी दिशांचा स्वामी, कायमचा."

"कायमचा?" बाप म्हणाला.

"कायमचा."

मग बाप आणि ती बाई असे काही हसले की बापाच्या हातून कुबडी सुटली. ती पावलं संग्रहालयात गेली, आणि बापाने पुस्तकवाल्याच्या खांद्यांमध्ये स्वतःच्या हाताने कडी बसवून घेतली. पुस्तकवाल्याच्या माणसांनी नाक मुरडलं, पण अडवलं नाही. पुढे पुस्तकवाल्याच्या मुलांनी आणि जावयांनी देश विकून खाल्ला, सैन्य रस्त्यावर आलं, आणि पुस्तकवाल्याला एका दुपारी उतरवण्यात आलं. कुणाला खरचटलंही नाही. त्याला पालिकेच्या गोदामामागच्या आवारात भिंतीकडे तोंड करून ठेवला. टोळी तिथे जेवायला बसायची आणि क्रेनवाला त्याच्या उघड्या पुस्तकावर आपला डबा ठेवायचा. बाप शेवटपर्यंत म्हणायचा की त्या पुस्तकाचा तेवढाच उपयोग झाला.

बाप वारला आणि बोटवाला आला. सैन्याचा प्रमुख, आता देशाचा प्रमुख. पुतळा तीन मजली घराएवढा, अंगात लांब लष्करी कोट, उजवा हात पुढे आणि बोट पूर्वेकडे रोखलेलं. पूर्वेला काय होतं म्हणाल तर सरकारी दुधाची डेअरी. पण भाषणात ते भविष्य होतं.

चढवायच्या आदल्या दिवशी मंत्रालयातले एक साहेब पाहणीला आले. डोक्याच्या मागे उठलेली कडी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

"कडी, साहेब. आकडा अडकवायला."

"चढवून झाल्यावर कापणार ना?"

"नाही साहेब, राहू द्यायची. उद्या उतरवायचा झाला तर..."

ताईने वाक्य तिथेच गिळलं, पण उशीर झाला होता. साहेब पांढरे पडले. त्यांनी मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला घरदार आहे ना? मलाही आहे. कापा ती."

माणूस वाईट नव्हता, पाचावर धारण बसलेला होता. ताईने त्याच्यासमोर गॅसकटर मागवला आणि कडी कापली. साहेब सुटकेचा श्वास टाकून गाडीत बसले. गाडी चौक ओलांडून गेली तशी ताईने टोळीतल्या वेल्डरकडे बघितलं, वेल्डरने तिच्याकडे बघितलं, आणि एक शब्दही न बोलता दोघं पुन्हा शिडी चढले. नवी कडी पाठीवर, कोटाच्या कॉलरच्या आत बसली. तिच्यावर ब्राँझच्या पत्र्याचं झाकण, झाकणावर कॉलरची घडी. खालून बघणाऱ्याला काय कळणार! टोळीने जे तोंड मिटलं ते मिटलंच. ही गोष्ट फुटली असती तर एकाचंही डोकं धडावर राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बँड वाजला, काखेत पट्टे घालून बोटवाला वर चढला. ताईची लेक तेव्हा लहान होती. क्रेनच्या केबिनमध्ये क्रेनवाल्याच्या मांडीवर बसून तिने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्याच पुढे तिला सलायला लागल्या. लेक मोठी झाली, नर्स झाली, आणि हॉस्पिटलात रात्रपाळी-दिवसपाळी करताना बोटवाल्याचे पोलीस माणसांचं काय करतात ते तिने स्वतःच्या हातांनी पुसून, शिवून बघितलं. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण एक दिवस कामावरून घरी पोचलीच नाही. लेक घरी आली ती धुमसतच.

"आई, तूच चढवलास ना त्याला?"

"मीच चढवला."

"तुला नाही म्हणता आलं नाही?"

ताईकडे सांगण्यासारखं होतं, जिभेच्या टोकावर होतं. पण लेकीच्या मित्रमंडळींना एकेक करून उचलून नेत होते. उद्या हिलाही नेलं आणि विचारलं, तर जे माहीत आहे ते न सांगता राहणं म्हणजे काय असतं, याचा ताईला विचारसुद्धा करवेना. माहीत नसेल तर सांगणार काय? म्हणून ताईने शिव्याशाप खाल्ले आणि तोंड उघडलं नाही. लेक हॉस्पिटलच्या वसतिगृहात राहायला गेली. सणवार नाही, आजारपण नाही, येणं-जाणं बंद. रस्त्यात समोर आली तर पलीकडच्या फुटपाथवर जायची. क्रेनवाला अधूनमधून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन तिची खुशाली घेऊन यायचा आणि ताई ती भांडी घासत, पाठमोरी उभी राहून ऐकायची. पोटची पोर आपल्याला भेकड समजते, हे दुःख तिने गिळून टाकलं. पचलं मात्र नाही.

आणि मग एका सकाळी बोटवाला विमानात बसून पळाला.

रेडिओवर बातमी आली तेव्हा ताई दात घासत होती. तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण आनंदाच्या पाठोपाठ तिला चौक आठवला. ब्रश तसाच बेसिनमध्ये टाकून ती नवऱ्याला म्हणाली, "क्रेन काढ. लोक आधी चौकातच जाणार."

ती पुढे धावत गेली. चौक माणसांनी फुलला होता, कोण रडत होतं, कोण नाचत होतं. पोरांनी बोटवाल्याच्या गळ्यात आणि पुढे केलेल्या हातात दोर अडकवले होते आणि समोर उभी राहून सगळी एका सुरात ओढत होती. ताईने वर बघितलं. पुतळा पुढे झुकला होता. टाचांकडचे बोल्ट उपटून आले होते, फक्त चवड्यांकडचे धरून होते. आणि दोर! पुतळ्याच्या उंचीपेक्षा आखूड. म्हणजे तो पडला की ओढणाऱ्यांच्या अंगावरच पडणार, दुसरीकडे जायला त्याला जागाच नाही. घोड्याचा दिवस जसाच्या तसा पुन्हा उभा होता. आणि सगळ्यात पुढे, हाताला फडकं गुंडाळून, दोराला अंग झोकून देऊन ओढत होती तिची लेक.

ताई ओरडली, पण तिथे तोफ डागली असती तरी ऐकू आली नसती. मग तिने तेवढंच केलं जे करता येण्यासारखं होतं. गर्दी कापत ती पुढे घुसली आणि पुतळा आणि दोर ओढणारी पोरं यांच्या मध्ये, नेमकी पुतळ्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली. हात वर केला आणि मूठ वळली.

लेकीने ती मूठ बघितली. क्रेनच्या केबिनमध्ये वाढलेली पोर ती, मूठ बघितल्यावर तिचे हात आपोआप थांबले. ती थांबली तसे तिच्या मागचे थांबले, आणि हळूहळू सगळा दोर सैल पडला.

"बाजूला हो," लेक म्हणाली. "आजसुद्धा त्यालाच वाचवायला आलीस?"

"त्याला नाही, तुला. दोर मोज. वर बघ. पडला तर कुणावर पडेल?"

लेकीने वर बघितलं. तिच्या बाजूच्या दोघा-तिघांनीही बघितलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले.

"मग काय, राहू द्यायचा?" मागून कुणीतरी ओरडलं.

"राहू देते होय!" ताई कडाडली. "मी चढवलाय त्याला, मलाच माहीत आहे तो कसा उतरतो. जेवायच्या आत खाली ठेवून दाखवते. पण आता या चौकात फक्त माझा हात बोलेल. कबूल असेल तर दोर सोडू नका, धरून ठेवा. नसेल तर ओढा, आधी माझ्यावर पडेल."

कुणी ओढलं नाही. क्रेन हॉर्न वाजवत गर्दीतून पुढे आली. ताईने दोर धरणाऱ्यांचे दोन भाग केले, अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे, पुतळ्याच्या वाटेतून लांब. ओढायचं नाही, फक्त झोका जाऊ द्यायचा नाही. बसवाल्यांनी डेपोतून जुने टायर आणले आणि त्यांची जाड गादी घातली. मग तिने शिडी लावली. झुकलेल्या पुतळ्यावर चढणं हा वेडेपणा होता. वेल्डर म्हणाला मी जातो, पण वेल्डरच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. ताई चढली. खाली सगळा चौक श्वास धरून उभा. वर पोचून तिने छिन्नी घातली, हातोड्याचे घाव घातले, आणि कॉलरची घडी उचकटून खाली फेकली. पत्रा खणखणत चौथऱ्यावर पडला.

कडी जागेवर होती. ग्रीस वाळून काळं पडलेलं, पण गंजाचा ठिपका नाही. ताईने आकडा अडकवला आणि बोट वर फिरवलं.

क्रेनने भार घेतला. पुतळा चुळबुळला, सरळ झाला, खालचे बोल्ट कापल्याबरोबर चौथऱ्यापासून सुटला आणि हवेत लोंबकळायला लागला. तिथे एक गंमत झाली. लोंबकळताना तो हळूहळू फिरला, आणि त्याचं ते भविष्य दाखवणारं बोट डेअरीवरून निघून आधी कोर्टावर, मग बँकेवर आणि मग सार्वजनिक मुतारीवर जाऊन थांबलं. पहिल्यांदा एक म्हातारी हसली. मग सगळा चौक हसला. इतकी वर्षं ज्या बोटाला घाबरून माणसं मान खाली घालून चालली, त्या बोटाला बघून माणसं पोट धरधरून हसली. खरं सांगायचं तर बोटवाल्याची सत्ता त्या घटकेला संपली, विमानात बसला तेव्हा नाही.

ताईने तळवा खाली केला. शेकडो माणसं तिच्या तळव्याकडे बघत होती, डावीकडची थोडा दोर सोडत, उजवीकडची थोडा धरत. तिने मूठ वळली की सगळी थांबत. बोटवाला टायरांवर कुशीवर निजला, एवढ्या हलक्या हाताने की टायर नुसते दबले. कुणाचं नखही दुखावलं नाही. मग जो जल्लोष उठला तो उठला. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. वेल्डर लहान मुलासारखा हुंदके देत होता.

लेक पुतळ्याच्या पाठीपाशी गेली. कॉलर उघडी होती, कडी दिसत होती. तिने कडीवरून हात फिरवला, मग वेल्डरकडे वळली.

"ही कधी बसवली?"

"चढवायच्या आदल्या दिवशी," वेल्डर नाक पुसत म्हणाला. "तुझ्या आईने. साहेबाने कापायला लावली, तर हिने दुसरी लावली. त्याला चढवला तोच मुळी उतरवायच्या तयारीने."

लेकीने कडी मुठीत धरली.

तोवर दोन गटांत चौथऱ्यावर आता कुणाला बसवायचं यावरून वादही सुरू झाला होता. लोक दम खात नाहीत. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "कप्पीताईला!" आणि ते सगळ्यांनी उचलून धरलं. ती नको नको म्हणत असताना तिला खांद्यांवर घेतली, शिडीवरून वर ढकलली, आणि मोकळ्या चौथऱ्यावर उभी केली. "कप्पीताई! कप्पीताई!" सगळा चौक एका आवाजात. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. छाती भरून आली. बाप असता तर कुबडी आपटून आपटून मोडली असती त्याने. तिने दोन्ही हात वर केले आणि तो आवाज अंगावर घेतला.

मग तिने लेकीला शोधायला सुरुवात केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुतळ्यापाशी बघितलं. वरून नुसती डोकी दिसत होती, एकासारखं एक. कुणाचा चेहरा म्हणून ओळखू येईना. आपली एकुलती एक पोर समोरच्या गर्दीत आहे आणि आपल्याला ती दिसत नाही, हे लक्षात आल्यावर तिला तो आवाज एकदम नकोसा झाला.

"बास झालं," ती म्हणाली, आणि शिडीकडे वळली.

"अहो ताई, थांबा ना! फोटो काढायचाय!"

"फोटो खाली काढा."

तिने पाठमोरी होऊन पाऊल पहिल्या पायरीवर ठेवलं. शिडी डुगडुगायला हवी होती, पण ती जागची हलली नाही. कुणीतरी खालून घट्ट धरली होती. ताईने खांद्यावरून वाकून बघितलं. लेक अगदी चौथऱ्याला चिकटून, शिडीच्या पायाशी उभी होती, म्हणूनच वरून दिसत नव्हती. दोन्ही हातांनी शिडी धरलेली, डोळे आईच्या पावलांवर.

"सावकाश, आई," ती म्हणाली. "मी धरलीय."